नमुन्याची नळी

जुन्या मशीनच्या खोलीत आता शेळ्या बांधतात.
आतली प्लास्टिकची जाळी तिसऱ्या उन्हाळ्यात फाटली,
तेव्हापासून पूर्णेचं पाणी
आम्ही पुन्हा तुरटी फिरवून पितो.
तुरटीचा हिशेब कुणी लिहीत नाही.

पाणी समितीचं रजिस्टर माझ्याकडे.
तायडे साहेबांनी टेबलावर पांढरी नळी ठेवली,
हातभर लांब, आत पोळ्यासारखी भोकं.
म्हणाले, सिरॅमिक. गाळ अडतो, जंतू अडतात,
उलटं पाणी मारलं की पुन्हा कोरी.
पंधरा वर्षं.
द्वारकाबाईनं विचारलं, बोअरचं खारं पाणी गोडं होईल?
नाही, म्हणाले. मीठ हिच्यातून पार जातं.
मला ते आवडलं.

उकंडा कुंभारानं नळी उचलली,
पेरानं टिचकी मारली, कान लावला,
मडकं घेताना बायका लावतात तसा.
"पक्की भाजली हाये. आवा किती दिस जयला असन?"
साहेबांच्या कागदात ते नव्हतं.
किंमत मात्र तिथंच होती, त्या आगीत.

मी भागाकार मांडला.
आठ लाख चाळीस हजार, पंधरा वर्षं, दोनशे ऐंशी घरं:
घरामागं वर्षाला दोनशे.
प्लास्टिकला दर तीन वर्षांनी दोन लाख दहा हजार:
घरामागं अडीचशे.
म्हणजे महाग तेच स्वस्त,
पन्नास रुपयांनी.
सभेत हे मी मोठ्यानं वाचलं.

मागून नाना गवई म्हणाले,
"पोरी, भागाकार तुहा बराबर हाये.
पन आज किती?"

आज तीन हजार.
किंवा आज साडेसातशे.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
पंधरा वर्षांनी माझी चौथीतली मुलगी
या गावचं पाणी पीत असेल का,
मोटार टिकेल का,
किल्ली ज्याच्या कमरेला, तो टिकेल का,
यांचा भाव कोटेशनमध्ये नव्हता.

प्रोसिडिंगात लिहिलं: विषय सात, पुढील सभेत.

साहेब नळी विसरून गेले.
उकंडानं तिचं खालचं तोंड मातीनं बुजवलं,
चुलीवर सुकवलं,
वरून गढूळ पाणी ओतून
पितळी ताटलीत उभी केली, माझ्याच ओट्यावर.
रात्रभर नळीला घाम.
सकाळी ताटलीत दोन घोट, नितळ.
मुलीनं पिऊन टाकले, कुणाला न विचारता,
आणि ताटली उलटी करून पाहिली.

"थांब वं," उकंडा म्हणाला,
"आखीन पाझरते."