निघण्याआधी

बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खिडकी उघडली की ग्रिम्सबीच्या गोदीतला हॅडॉकचा वास
न विचारता आत येऊन बसतो.
समोर जॅरड मम्बी. वय पंधरा. टोपी डोळ्यांवर.
फायलीत लिहिलंय: उद्धट. सहकार्य नाही. पश्चात्ताप दिसत नाही.

मी चार चित्रं मांडते.
मुलगा अंडं फोडतो, तव्यावर टाकतो,
ताटलीत घेतो, खातो.
क्रमाने लाव, म्हणते.
जॅरड खाणं पहिलं ठेवतो.
मग उरलेल्या तिन्हींकडे बघत राहतो,
कुणीतरी त्याच्या खिशात कोंबलेला माल असावा तसा.

'मग काय झालं?' याला
त्याच्याकडे एकच उत्तर आहे: खांदा.
डावा. जरासा वर.
पोलिसांनी तो तीन तास पाहिला,
न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिला,
आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला.

आमच्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
जॅरडकडे गहू होते असं मी म्हणत नाही.
कोपऱ्यावरच्या दुकानात शिवकुमारने
काहीतरी विचारलं, मस्करीत, भरभर, चार पोरांदेखत,
आणि वाक्य यायला हवं होतं तिथे
मूठ आली.
शिवकुमारचा जबडा तारेने बांधला.
सहा आठवडे तो वहीत लिहून
सिगरेटच्या किमती सांगायचा.
मी दूध तिथेच घेते.
तुम्ही काम कुठे करता, असं त्याने एकदा लिहून विचारलं.
मी सुटे पैसे मोजत राहिले.

आज जॅरड इथे आहे तो मुठीसाठी नाही,
कोर्टाची अट मोडली म्हणून.
कागद माझ्यासमोर, शिक्क्यासकट.
सायंकाळी सातनंतर घरातून निघण्याआधी
अधिकाऱ्यांना दूरध्वनी करून अनुमती घेणे बंधनकारक आहे.
ऑस्गर्बीबाई म्हणतात, वाचून दाखवलं होतं. दोनदा.
समजलं का विचारलं, तर हो म्हणाला.
हो हा त्याचा हुकमी शब्द.
दारासारखा. लावून घ्यायचा.

कसं केलंस ते दाखव, मी म्हणते. बोलू नकोस.
तो उठतो.
खोलीबाहेर जातो.
दार मिटतं. मला वाटतं, गेला.
मग काचेतून दिसतो, जिन्याच्या कठड्याशी,
मूठ कानाला लावून उभा,
आणि ओठ हलतायत.

आधी निघ, मग फोन कर.
शब्द ज्या क्रमाने कानावर पडले
त्या क्रमाने त्याने पाळले होते.
बसस्टॉपवरून केलेला तो फोन नोंदलेला आहे,
सात वाजून अकरा मिनिटं,
पुरावा म्हणून, त्याच्याच विरुद्ध.

रात्री भांडी घासताना मी ते मराठीत म्हणून पाहिलं.
निघण्याआधी.
आमच्याही भाषेत निघणंच पुढे,
आणि 'आधी' त्याच्या मागे धावतंय,
धाप लागलेलं.
मला हे चाळीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं.
मला दिसायची गरज पडली नव्हती.

नवा कागद असा झाला:
फोन कर.
त्या हो म्हणेपर्यंत थांब.
मग निघ.
ऑस्गर्बीबाई म्हणाल्या, हे कायद्यासारखं वाटत नाही.
तरी सही केली.

मंगळवारी, सात वाजून चार मिनिटांनी,
त्यांच्या टेबलावरचा फोन मी उचलला.
नुसता श्वास. मागे टीव्ही, कुत्रं.
मग, 'जॅरड. घरात आहे. अजून.'
हो म्हणायचा अधिकार मला नाही.
ऑस्गर्बीबाई खाली चहाला गेल्या होत्या.
थांब, मी म्हटलं,
आणि जिन्यात जाऊन हाक मारली, पुन्हा मारली.
परत आले तेव्हा
रिसीव्हरमध्ये कुत्रं भुंकत होतं,
श्वास तिथेच होता.