एकोणचाळीसला आठ

तेहतीस इंची टायर बसवले तेव्हा
जीप अंगणात उभी राहिली
लग्नात थोरल्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखी.
उंच दिसली. चालेना.

सेमिनरी हिल्सच्या चढावर
तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात,
मागून स्कूटीवाली पोरगी हॉर्न देत.
पाचवा गिअर तर नुसता नावाला,
परगावी गेलेल्या काकाचं रेशनकार्डावरचं नाव असतं तसा.

वाडीला, ट्रकांच्या रांगेमागे, सुगत गणवीरचं गॅरेज.
मे महिना. उन्हात राहिलेला पाना
उचलायला फडकं लागतं.
जीपखाली डोकं घालून तो तिथूनच म्हणाला,
"टायर मोठं केलं अन् आतलं तसंच ठेवलं काहून, मॅडम?"

शटरवर खडूनं त्यानं मांडलं:
क्राउनला दात एक्केचाळीस, पिनियनला दहा.
तेहतीस भागिले अठ्ठावीस, गुणिले हे.
एकोणीस वर्षं मी विहिरींचं पाणी मोजतेय,
आकडे माझ्या घरचे,
तरी उत्तर त्याच्या आधी निघालं नाही.

तीन जोड्या होत्या फळीवर, ग्रीसमध्ये गुंडाळलेल्या.
एक्केचाळीसला नऊ: स्वस्त, पण अर्धवट.
एकोणचाळीसला आठ.
आणि त्रेचाळीसला आठ,
जी भिंतसुद्धा चढेल आणि वर्धा रोडवर
सत्तरला किंचाळेल.

"नाला किती, डांबर किती? खरं सांगा."
मी म्हणाले, नालाच. जवळजवळ सगळा नालाच.
पेंचकडचे दगड, पारशिवनीमागचे ओढे,
रस्ता संपतो तिथून माझं काम सुरू होतं, वगैरे.
तो वाकला, टायरवरून तळवा फिरवला,
मधला पट्टा झिजलेला, कडा कोऱ्या.
"मॅडम, हे तर डांबराचंच बोलून राहिलं."

मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली.
खरंय. दोन वर्षांत फायलीच जास्त.
वर्धा, अमरावती, पुन्हा वर्धा,
मीटिंग, सही, झेरॉक्स.
नाल्यात शेवटची कधी उतरले ते
आठवायला दिवाळीपर्यंत मागे जावं लागलं.

"मग मधलीच," मी म्हणाले. "फक्त मागे बसवा, पुढचं नंतर पाहू."
तो हसला नाही.
काटोलच्या एकानं तसंच केलं होतं म्हणे.
रस्त्यावर वर्षभर काही कळलं नाही.
चिखलात फोर बाय फोर टाकला त्या दिवशी
पुढची चाकं एक म्हणत होती, मागची एक,
आणि मधल्या डब्यात जे तुटलं
त्याचा आवाज त्याला अजून झोपेत येतो.

दोन्हीकडे बसवले. पैसे दोन हप्त्यांत.
दातांना पिवळा रंग लावून सुगतनं पिनियन फिरवलं,
ठसा टोकाला उठला.
एक पातळ शिम काढली. पुन्हा फिरवलं. पुन्हा टोकाला.
संध्याकाळी सातला ठसा मधोमध आला,
तेव्हा अयाननं, त्याच्या हाताखालच्या पोरानं, मला टॉर्च धरून दाखवला,
बाळाचा पहिला दात दाखवतात तसा.

निघताना तो म्हणाला,
"पाचशे किलोमीटर हळू. अन् तुमचा काटा आतापर्यंत
खोटं बोलत होता. साठ दाखवे तेव्हा तुम्ही सत्तरला."

घरी येऊन लॉगबुक काढलं.
अकरा महिने, नऊ हजार किलोमीटर लिहिलेले.
म्हणजे सोळाशे कुठे नोंदलेच गेले नाहीत.
भत्ता बुडाला तो बुडाला.
पण त्या अकरा महिन्यांत गोंदियाची एक रात्र होती.
जाताना आम्ही दोघी,
मागच्या सीटवर आईची उशी, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर.
येताना उशी होती.
तेव्हा वाटलं होतं, हा रस्ता एवढा लांब कधीच नव्हता.
होताच.

आता काटा साठ म्हणतो तेव्हा साठच असतात,
अर्धा-एक इकडेतिकडे.
सेमिनरी हिल्स तिसऱ्यात चढते.
रविवारी पारशिवनीकडे जाऊन यावं म्हणतेय,
ओढ्यात, दगडांवरून, हळू,
निदान टायरच्या कडा तरी झिजतील.