अंगठा

सीपीआरचा बायकांचा वॉर्ड, खाट नंबर सतरा.
तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचा मेहुणा आला,
सहा केळी, शाईचा पॅड
आणि पाचशेचा बॉन्ड, घरनंच टाईप करून आणलेला.
"मावशी, चाळीस हजार घ्या, विषय मिटवा.
कोर्टात कशाला चपला झिजवताय?"

चपला झिजवायचं मला सांगतोय.
मी मालन सातपुते, सुभाषनगरची.
माझ्या हातच्या वेण्या पायात घालून
निम्मा महाद्वार रोड चालतो.

बॉन्डात लिहिलेलं, चूक कुणाचीच नाही,
रस्त्याला अंधार होता.
होताच की अंधार.
शिये फाट्याला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या,
मागं ना लाल दिवा ना चमकपट्टी,
आणि दिराच्या स्कूटीवर मागं मी,
मांडीवर वीस जोडांचं गाठोडं.
आता म्हणे अंधारानंच मला ठोकलं.
अंधाराला नंबरप्लेट नसते, बरं असतंय त्यांना.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात,
अंगठा तेवढा बाहेर, निळा, सुजलेला.
तोच पाहिजे होता त्याला.
"सही कशी जमणार? अंगठाच उठवा."

चपलेलाबी अंगठा असतोय.
एवढासा चामड्याचा वेढा,
पण तो सुटला
तर वेणी कितीबी देखणी असू दे,
चप्पल पायात टिकत नाही.
मी म्हटलं, मी सातवी पास हाय, सही येते मला.
हात बरा झाला की करीन. वाचून.
केळी राहू देत. बॉन्ड न्या.

मग हवालदार आले जबाब घ्यायला.
"धंदा?" त्यांनीच विचारलं, त्यांनीच लिहिलं:
घरकाम.
थांबा साहेब.
घरकाम तर करतेच, त्याला कोण धरतंय?
खाली लिहा, वेणी विणणे, दिवसाला आठ जोड.
"त्यानं काय फरक पडतोय?"
काय पडतोय ते मलाबी ठाऊक नव्हतं,
नुसता राग आला होता.
बावीस वर्षं विणतेय आणि कुठल्याच शाईत मी नाही.
त्यांनी खोडलं, वर लिहिलं,
आणि परत वाचून दाखवल्याशिवाय
मी मान हलवली नाही.

बावड्याच्या कोर्टात शिकलगार वकीलबाईंनी
माझी पिशवी टेबलावर उलटी केली.
औषधाच्या पावत्या, रिक्षाच्यासुद्धा.
एक्स-रे.
रक्ताचा ब्लाऊज, जाऊ धुवायला निघालेली, मी धुवू दिला नाही.
"पगाराचा कागद?"
आमच्यात पगाराचा कागद कुठला!
दुकानदारानं दिलेली वही होती.
तारीख, जोड, मजुरी, तारीख, जोड, मजुरी,
कधी मधेच नातवाचा पेन्सिलनं काढलेला हत्ती.
वकीलबाई हत्तीपाशी थांबल्या, हसल्या,
आणि वही स्वतःच्या कपाटात ठेवली, कुलपात.

डॉक्टरांनी अंगठा वाकवून बघितला,
कागदावर लिहिलं: अपंगत्व बावीस टक्के.
त्या रात्री मी चामड्याच्या वाद्या घेऊन बसले.
अर्धा जोड झाला, तोबी ढिला, गिऱ्हाइकाला दाखवायची लाज.
बावीस टक्के म्हणजे आठातले किती हो?
वकीलबाई म्हणाल्या, "हे शरीराचे झाले.
कामाचे किती, ते आपण मांडायचं.
तोवर नव्या वहीत रोज लिहायचं."
लिहितेय डाव्या हातानं.
तारीख. जोड: नाही. तारीख. जोड: नाही.
माझं अक्षर नातवाच्या हत्तीसारखं दिसतंय.

परवा पाचवी तारीख होती. पुढची पडली.
कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यापाशी मेहुणा उभा,
एक पाय फरपटत.
चपलेचा अंगठा तुटला होता त्याच्या.
वेणी आमच्याच गल्लीतली, बघताच ओळखली.
टाका कुठं घालायचा तेबी दिसत होतं मला.

मी चहा संपवला
आणि सुभाषनगरच्या रिक्षात बसले.
पावती मागितली.