बियाँ क

पणजीच्या बाईंनी तासाचे दीड हजार सांगितले
आणि माझ्या 'र'कडे बघून हसल्या,
पाहुण्यासमोर फुटका कप यावा तशा.
पुण्याचा मुलगा रात्री साडेनऊला पडद्यावर यायचा,
जांभई आली की कॅमेरा बंद.
हरमलला मग एक खराखुरा फ्रेंच माणूस भेटला,
अनवाणी, दंडावर ॐ गोंदलेला.
विचारलं, इथे क्रियापद असं का वाकतं?
तो समुद्राकडे बघत राहिला, म्हणाला,
आम्ही असंच म्हणतो.

परीक्षा मार्चात. सी-वन.
मी गोमेकॉत रक्त तपासते,
दिवसाला दोनशे नळ्या,
कुणाच्या रक्ताशी माझा वाद नसतो.

रायबंदरच्या फार्मसीत केंकरे गोळ्या मोजत होते.
मान वर न करता म्हणाले,
चोडणला जा, नोरोन्याबाईकडे.
जुन्या लिसेवातली आहे.
फ्रेंच गंजलंय तिचं, पण लोखंड त्या वेळचं.

फेरीबोटीत स्कूटर, दोन मासळीच्या पाट्या
आणि पोटाशी धरलेला माझा नमुना पेपर.
पलीकडे खारफुटी, चिखलात पाय रोवून.

एर्मेलिंदबाई एक्याऐंशीच्या.
फ्रेंच शिकल्या त्या पोर्तुगीजमधून,
मी शिकले इंग्रजीतून,
आणि आम्ही दोघी चहा मागितला तो कोंकणीत.
परीक्षेचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.
भिंगातून पेपर वाचला, अर्धा तास.
तीन लेख, त्यांचं सार,
मग स्वतःची बाजू मांडा, तोंडी, दोघांसमोर.
हें फ्रेंच न्हय गो बाये, म्हणाल्या, हें झगडें.
आणि तुका झगडूंक येना.

खरंच होतं.
डिचोलीच्या घरात मी समंजस मुलगी.
'बरं' हा शब्द माझ्याइतका कुणी वापरला नसेल.
बाबांनी काकांना पोफळीची बाग लिहून दिली
तेव्हा सगळ्यांना पाणी नेऊन देणारी मीच,
ट्रेमध्ये सहा पेले, एकही न सांडता.

मग बुधवारी आणि शनिवारी आम्ही भांडलो.
चोडणला पूल व्हावा की फेरीच बरी.
खारा बांगडा मोठा की ताजा.
त्या मुद्दाम चुकीची बाजू घ्यायच्या.
एकदा त्यांचा नवरा चिक्कू होता की नव्हता यावर
मला एदुआर्दची वकिली करावी लागली,
ज्याला मी फक्त फोटोत पाहिलं होतं,
टाय बांधलेला, कुणावर तरी रागावलेला.
त्या दिवशी त्या जिंकल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या.

बियाँ क. म्हणजे जरी.
त्याच्यामागून येणारं क्रियापद वाकतं,
समोरची गोष्ट शंभर टक्के खरी असली तरी.
शंकेनंतर वाकतं, भीतीनंतर वाकतं, ते कळतं,
पण खऱ्यानंतर का?
हरमलचाच प्रश्न मी चोडणला विचारला.
त्यांनी उत्तर शोधलं, दूध उतू गेलं,
शेगडी पुसता पुसता म्हणाल्या,
दुसऱ्याचं खरं मानलं
म्हणून आपण खाली बसायचं असं नसतं ना.
तेवढ्यापुरतं वाकायचं. मग 'तरी' म्हणायचं.

मी वहीत काही लिहिलं नाही.
परतीच्या बोटीत मात्र बागेचं वाक्य करून पाहिलं,
जरी बाबांचा हक्क होता,
आणि पुढे तीन-चार वेळा अडखळले
ते व्याकरणामुळे नव्हे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पैसे दिले.
नको म्हणाल्या. शिकवलं कुठे, बोललो नुसतं.
एरवी मी 'बरं' म्हणून पाकीट मिटलं असतं.
त्या दिवशी सतरा मिनिटं बोलले, उभ्यानं, फ्रेंचमध्ये.
त्यांच्या गुडघ्याचं औषध काढलं,
गळक्या कौलांचं काढलं, केंकऱ्यांची उधारी काढली,
जी मला ठाऊक असायला नको होती.
त्यांनी मध्येच थांबवून एक क्रियापद वाकवलं.
पुढं बोल, म्हणाल्या.
मग, बरं. बिस्किटांच्या डब्याखाली ठेव.

माझ्याकडे नुसत्या पाचशेच्या नोटा,
त्यांच्याकडे मोड नाही.
त्यावरून पुन्हा सुरू झालं,
आणि धक्क्यावरून एक बोट सुटून गेली.