अर्धा सूत

नेमगोंडा चौगुलेनं पुढच्या कमानीत
दोन पाटे वाढवले, कुणाला न विचारता.
खड्ड्यात नाक आपटत होतं गाडीचं,
आता आपटत नाही.
आता गाडी मान ताठ करून चालते
आणि डावीकडं ओढते,
जसं काही तिकडंच तिचं माहेर आहे.

चार महिन्यांत दोन्ही टायरांच्या आतल्या कडा
करवतीसारख्या झाल्या.
एका बाजूनं हात फिरवला तर मऊ,
उलट फिरवला तर बोटं सोलतात.

कुपवाड रोडला दस्तगीर मिस्त्रीच्या शेडात
कॉम्प्युटर नाही.
एक खिळा आहे, खडूचा डबा आहे,
आणि एक टेप, तिचे पहिले दोन इंच झिजून गेलेत
म्हणून मिस्त्री तिसऱ्यापासून मोजतो.
आणि मी आहे, टेपचं दुसरं टोक धरायला.

आधी पाचर.
पाचर मारणारे आमच्याकडं पुष्कळ,
कुणाच्या सोयरिकीत, कुणाच्या वाटणीत.
दस्तगीरची पाचर लोखंडाची, दोन अंशांची.
कमान आणि अॅक्सलच्या मधे ती बसली
की वळण संपल्यावर
स्टेअरिंग आपणहून घरी येतं.

यू-बोल्ट आवळून झाले, मी टेप उलगडली,
तर मिस्त्री म्हणाला, "भरून आण."
"काय भरून?"
"हळद. तुझं रोजचं वजन. रिकामी गाडी खोटं बोलती."
नेमगोंडा बराच वेळ हमालीचा हिशोब बोटांवर करत राहिला.
मग मार्केट यार्डला गेला.
परत आला तेव्हा ऊन पत्र्यावरनं उतरलं होतं
आणि गाडीची मान थोडी खाली होती,
कामावरच्या माणसासारखी.

टायरला मागनं खडू, खडूवर खिळ्याची रेघ.
मोजलं. सहा फूट, एक इंच, तीन सूत.
गाडी अर्धा फेरा पुढं,
तीच रेघ आता समोर आली.
सहा फूट, एक इंच, पाच सूत.

"फाकलीत," मिस्त्री म्हणाला, डॉक्टर बोलतात तसं,
पेशंटकडं न बघता.

"मग करा की सरळ. सुतासारखी."
"सुतासारखी केली तर फसशील.
समोरनं अर्धा सूत कमी पायजे.
चाकांनी एकमेकांकडं जरा बघाय लागतं.
रस्ता फाकवतो त्यास्नी.
उभं असताना तिरकी, तर पळताना सरळ."

टाय रॉडवर पाइप पाना चढला.
पाव फेरा. परत मोज.
आणि जरा. परत मोज.
सात वर्षं मी टेप धरतोय,
नाकासमोर चालणारी माणसं बघितली की
मला त्यांच्या टायरची कड बघावीशी वाटते.

शेवटी ड्रॅग लिंक जमवली, स्टेअरिंगची दांडी आडवी आली,
आणि आम्ही तिघं माधवनगरच्या रस्त्याला लागलो.
गाडी उजवीकडं गेली.

दस्तगीर काही बोलला नाही.
शंभर फुटांवर परत उजवीकडं.
"मिस्त्री, हे काय वो?"
"हात सोड."
"भरलेली गाडी हाय!"
"सोड म्हणतो न्हवं."

नेमगोंडानं हात उचलले, आरतीला धरतात तसे,
स्टेअरिंगपासनं चार बोटं वर.
आणि गाडी चालली. विटांच्या भट्टीपासनं
रेल्वे फाटकापर्यंत, कुणीच न धरलेली.
हळदीचा वास केबिनमध्ये पुढं आला.

चार महिने तो हात उजवीकडं ओढत होता.
गाडीचं दुखणं गेलं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं.
"त्याचं अलाइनमेंट माझ्याकडं न्हाई," मिस्त्री म्हणाला,
"हजार किलोमीटरमधी विसरंल."

करवत झालेले टायर मात्र तेच होते.
फाटक उघडेपर्यंत गप्प,
निघालो की पुन्हा खालनं त्यांची घरघर,
आणि माझ्या बोटांना खडू.