उधाणाचे नमुने

आमच्या अहवालात एकही आकडा खोटा नाही.
हे आधीच सांगते,
कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

कालवीच्या खाडीत, जेटीच्या खालच्या अंगाला,
अष्टमीच्या सुक्या ओहोटीला मी पाणी घेतलं.
दुपारचे बारा. चिखल आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.
बाटलीत दोन औषधं सोडली, बूच लावलं, उलटीसुलटी केली.
पाण्यात प्राणवायू असला की साका तपकिरी बसतो,
जुन्या चहासारखा.
माझा पांढरा बसला.
तीन बाटल्या, तिन्ही पांढऱ्या.
होडीवरून धाकलू तांडेल म्हणाला,
"वा, दुधासारखा! म्हंजे चांगला ना?"
मी बुचांवर मेण लावत राहिले.

अहवाल वर गेला. तेरा दिवस वरच होता.
मग फोन आला, मला नाही, खवणेकर सरांना.
सर बाहेर आले, चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.
कोणी रागावलं नव्हतं, हेही सांगायला हवं.
शास्त्राविरुद्ध कोणी अवाक्षर काढलं नाही,
उलट अजून शास्त्रशुद्ध करा म्हणाले.
"प्रातिनिधिक" असा एक शब्द आला मुंबईहून,
पाठोपाठ तारीख आली, वेळ आली:
पौर्णिमा, सकाळी सव्वाअकरा.

धाकलूनं बोटांवर मोजलं.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.
बराच वेळ तो वल्ह्याकडे बघत होता.
"सायबाला तिथी कधीपासून कलाय लागली?"

पौर्णिमेला समुद्र आत आला तो पोट भरून.
तिवरांच्या कमरेला पाणी,
कारखान्याचा पाइप दिसेनासा झाला,
बोयटं उड्या मारत होती, अगदी होडीला लागून.
माझ्या बाटल्यांत साका बसला
तपकिरी, देखणा, पुस्तकातल्या चित्रासारखा.
समुद्र खोटी साक्ष देत नाही.
त्याला फक्त सोयीच्या वेळेला बोलावलं होतं.

नव्या नमुन्याच्या तक्त्यात
"भरती / ओहोटी" हा रकाना नाही.
जागा वाचावी म्हणून काढला असं कळलं.
जागा खरंच वाचली आहे,
तिथे आता सहीसाठी एक चौकट जास्त बसते.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं,
खाडीचे पाणी जलचरांस योग्य.
त्याच फळ्याखाली हलिमाबी वस्ता टोपली घेऊन बसलेली.
तिसऱ्या. अर्ध्याहून अधिक
तोंडं उघडलेल्या, आतून काळ्या.
"बाय, तू लिवलंस ना ते? मग ह्या का मेल्या?"
मी म्हटलं, उन्हानं असेल.
तिने एक तिसरी उचलून माझ्यासमोर बोटाने दाबली.
जिवंत तिसरी हात लागला की तोंड मिटते.
हे तिला कोणी प्रयोगशाळेत शिकवलं नाही.

मी सही केली तेव्हा मीही मिटलं होतं.
म्हणजे अजून जिवंत आहे, नोकरीत आहे,
सातव्या आयोगाचा फरकसुद्धा मिळाला.

परवा पुन्हा अष्टमी.
धाकलू साडेअकराला होडी लावणार आहे,
पैसे नको म्हणाला, डिझेलचेसुद्धा.
औषधं तळाला आलीत, चार बाटल्या जेमतेम होतील.
चिठ्ठ्या करून ठेवल्यात, पेन्सिलीने,
शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही:
तिथी, वेळ, आणि तो रकाना
मीच पट्टीने आखला.

रजेच्या अर्जात कारण लिहिलं, घरगुती काम.
तेही खोटं नाही.
खाडी आमच्या परसाच्या मागेच आहे.