वैल

साखर पेठेत माझं पत्र्याचं दुकान.
गंगव्वाच्या कडक भाकरीसाठी
पहिली शेगडी ठोकली ती तेलाच्या डब्याची.
तोंड अरुंद ठेवलं, जळण वाचावं म्हणून.
ती म्हणाली, "तुराटी काय सुईत ओवू?"

दुसरीचं तोंड मोठं, खाली सळयांची जाळी.
राख पडायची, आच चढायची,
पण भाकरी मधोमध करपायची, कडा कच्च्या.
तिसरीला आतून विटांचा चुरा कालवून माती लिंपली,
धुराडं काढलं मागच्या भिंतीतून.
त्या रात्री ती खोकली नाही,
असं तिचा नवरा सांगून गेला,
पैसे न देताच.

मग गुडघे गेले. शेगडीला पाय आले.

एवढं होऊन एकदा म्हणाली,
"आमच्या आईच्या चुलीला वैल होता.
इकडं भाकरी, तिकडं आमटी आपोआप गरम."
अठरा वर्षं सुधारत सुधारत
मी मातीच्याच चुलीपाशी पोचलो होतो.
बसवला वैल. उजव्या अंगाला, पक्का रिवेट मारून.

काल तिची सून आली दुकानात.
काही बोलली नाही,
नुसता हात पुढे केला, थापल्यासारखा.

डावा.